पडघ्याची वीज, अकलोलीचे कुंड आणि आपल्या काट्याची तार



कारखान्याच्या संगणकांवर ‘पहारा’ बसवायचा म्हणजे नेमके काय करायचे, त्यासाठी एवढा खर्च कशाला, आणि हा पहारा चोरावर की आपल्याच कामगारांवर, असे तीन प्रश्न सभासद वरचेवर विचारतात. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पैसा सभासदांचा आहे, तेव्हा विचारण्याचा हक्कही त्यांचाच. आज त्याविषयी चार गोष्टी सांगाव्या म्हणतो. विषय तारांचा आणि संगणकांचा असला तरी ज्याने उसाच्या बिलाची पावती नीट वाचली आहे त्याला तो कळायला अवघड नाही.

सुरुवात घडलेल्या गोष्टीपासून करू. सोमवार, १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकाएकी गेली. लोकलगाड्या रुळावर जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोरोनाचे दिवस होते, त्यामुळे दवाखान्यांची काळजी सगळ्यांनाच लागली. राज्याच्या तेव्हाच्या ऊर्जामंत्र्यांनी कारण सांगितले ते असे, की ४०० केव्हीच्या कळवा-पडघा केंद्रात एका सर्किटच्या दुरुस्तीचे काम चालू होते, सगळा भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि त्यातच बिघाड झाला. पडघा हे भिवंडी तालुक्यातले गाव. एरवी त्याचे नाव मुंबईकराच्या तोंडी कशाला येते? त्या दिवशी आले.

गोष्ट इथे संपली असती. पण २८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकन संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. भारताच्या वीजक्षेत्रातल्या दहा संस्थांचे संगणक परदेशातल्या संशयित संगणकांशी बोलताना आढळले, असे त्यात म्हटले होते. ही मंडळी इथे आली नव्हती, कुणाच्या संगणकात शिरली नव्हती. दुरून वाहतूक पाहूनच त्यांनी हे ओळखले. दुसऱ्या दिवशी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाचा अहवाल मांडला. वीज मंडळाच्या संगणकांत १४ ‘ट्रोजन’, म्हणजे वेषांतर करून शिरलेले घातक प्रोग्राम, असल्याचा संशय आहे आणि बाहेरून आलेल्या ८ जीबी माहितीचा हिशेब लागत नाही, असे त्यात होते. त्याच्याही दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, वीज गेली ती माणसाच्या चुकीने. संगणकांवर हल्ले झाले असतील, पण त्यांचा वीज जाण्याशी संबंध नाही.

कोण बरोबर? या वादात पंच होण्याइतके आम्ही शहाणे नाही. आमचे लक्ष गेले ते एका शब्दाकडे. ८ जीबी माहिती ‘हिशेबाबाहेरची’. अहो, हिशेबाबाहेरचे म्हणायला आधी हिशेब असावा लागतो. रोज किती माहिती येते, कुठून येते, किती वाजता येते, हे ज्याने लिहून ठेवले त्यालाच आज जास्त आली हे कळणार. ज्याने लिहिलेच नाही त्याला ८ जीबी काय आणि ८० जीबी काय, सारखेच.

ही विद्या साखर कारखान्याला नवी नाही. आपली प्रयोगशाळा दुसरे काय करते? उसातून किती साखर आत आली, पोत्यांत किती गेली, बगॅसमध्ये किती राहिली, मळीत किती, प्रेसमडमध्ये किती, याचा ताळेबंद रोज घालते. एवढे करून जी साखर कुठेच सापडत नाही तिला केमिस्ट मंडळी ‘अननोन लॉस’ म्हणतात. तो आकडा रोजच्यासारखा असेल तर कुणी विचारत नाही. एका पाळीत तो उडी मारून वर गेला, की चीफ केमिस्ट चहाचा कप तसाच ठेवून उठतो. कुठे ज्यूस गळतोय का, पॅनमधून साखर वाफेबरोबर जातेय का, की नमुनाच चुकीचा घेतला, शोध सुरू होतो. संगणकांच्या जाळ्यावरचा पहारा म्हणजे हाच ताळेबंद, साखरेऐवजी माहितीचा. रोजची सरासरी चाल आधी लिहायची. तिला ‘बेसलाइन’ म्हणतात, आपण ‘नेहमीची चाल’ म्हणू.

पडघ्याच्याच तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोली आहे. वज्रेश्वरीच्या दर्शनाला जाणारे आपल्यातले पुष्कळजण तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून आले असतील. पहिल्यांदा गेलेल्या माणसाचे सगळे लक्ष ‘बापरे, केवढे गरम’ यात जाते. शेजारच्या दोन कुंडांच्या पाण्यात फरक आहे हे त्याला दुसऱ्यांदा कळते. पण बारा महिने तिथे वावरणाऱ्याला कोणते कुंड किती तापलेले असते, नदीला पूर आला की काय होते, थंडीच्या पहाटे वाफ कशी दिसते, सगळे ठाऊक असते. एखाद्या कुंडाची धग कमी झाली तर ते त्याला कळेल, यात्रेकरूला कळणार नाही. तीच गोष्ट भिवंडीच्या मागावाल्याची. यंत्रमागाच्या शेडमध्ये आपल्यासारख्याला एकच खडखडाट ऐकू येतो. त्याला बाहेर चहा पिता पिता कळते, की आतल्या अमुक मागाचा आवाज बदलला. माग उघडून बघावा लागत नाही. नुसत्या कानाने कळते.

नुसत्या कानाने, हे महत्त्वाचे. पहाऱ्याचे दोन प्रकार असतात. एकात पहारेकरी प्रत्येक दार ठोठावून विचारतो, आत कोण आहे, कडी लावली का. दुसऱ्यात तो कोपऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघतो, कुणाला हात लावत नाही. पहिला प्रकार कार्यालयाच्या संगणकांना चालतो. पण मिल, बॉयलर, टर्बाइन चालवणारे जे कंट्रोलर असतात, त्यांतले जुने फार नाजूक. दार ठोठावणारे प्रोग्राम त्यांच्यावर सोडले तर कंट्रोलर बिचकून थांबल्याची उदाहरणे जगभर आहेत. ऐन जानेवारीत, गाडीतळावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना असा कंट्रोलर थांबला आणि मिल चार तास उभी राहिली, तर नुकसान कुणाचे? तोडून ठेवलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते आणि ते घटलेले वजन सभासदाच्याच पावतीवर येते. म्हणून यंत्रांच्या बाजूला दुसरा प्रकार, मुका पहारा, हाच योग्य.

हा मुका पहारा प्रत्यक्षात कसा बसवतात ते सांगतो. संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतात त्या डब्याला स्विच म्हणतात. बऱ्या स्विचमध्ये अशी सोय असते, की इकडून तिकडे जाणाऱ्या सगळ्या माहितीची एक नक्कल एका वेगळ्या तोंडावर काढता येते. आरशात जसे प्रतिबिंब पडते तसे. आरशात बघणाऱ्याने मूळ माणसाला धक्का लागत नाही. त्या तोंडाला एक संगणक जोडायचा, तो नुसता ऐकतो आणि लिहितो. बाजारात मिळणाऱ्या अगदी स्वस्त स्विचमध्ये ही सोय नसते, आणि आपल्यासारख्या ठिकाणी अडते ते बहुतेक वेळा इथेच. ऐकणारा प्रोग्राम मात्र फुकट मिळतो. ‘झीक’ नावाचा असा प्रोग्राम अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत व्हर्न पॅक्सन यांनी १९९५ साली लिहायला घेतला. तेव्हा त्याचे नाव ‘ब्रो’ होते, २०१८ साली बदलले. म्हणजे खर्च आहे तो स्विचचा, एका संगणकाचा आणि माणसाच्या वेळेचा. यातल्या तिसऱ्या खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात करायला लोक नेमके विसरतात.

त्याच प्रयोगशाळेची त्याआधीची एक गोष्ट आमच्या लेखापालांनाही आवडेल. १९८६ साली तिथे क्लिफर्ड स्टोल नावाचा खगोलशास्त्रज्ञ संगणकांच्या कामावर लागला. त्या काळी संगणक वापरला की तासाप्रमाणे पैसे लागत. महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. एक रुपयाचीही नव्हे, बारा आण्यांची म्हणा. दुसरा असता तर ‘राउंडिंगचा फरक’ म्हणून सोडून देता. हा सोडेना. कुणीतरी परका माणूस नऊ सेकंद संगणक वापरून गेला होता आणि त्याचे बिल कुणाच्याच नावावर निघत नव्हते. स्टोलने काय केले, तर दिसेल त्याचे प्रिंटर गोळा केले, बाहेरून येणाऱ्या फोनच्या तारांना जोडले आणि तारेवरून काय जाते ते छापत बसला. चोराला पत्ता लागू दिला नाही. महिनोन् महिने असे ऐकल्यावर धागा पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला, आणि तिथला माणूस अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरून माहिती रशियनांना विकत होता असे निघाले. मूळ कुठे, तर बारा आण्यांच्या तफावतीत. पुढे १९८७ साली डोरोथी डेनिंग या अमेरिकन संशोधिकेने हीच गोष्ट शास्त्र म्हणून मांडली: प्रत्येकाची नेहमीची चाल नोंदवा, चाल बिघडली की चौकशी करा.

आता आपल्याकडे वळू. कारखान्यात तारेवर काय काय आहे, याची यादी करायला बसले की माणूस चकित होतो. वजनकाट्याचा संगणक. केन अकाउंट. शेतकी खाते आणि गट कार्यालये. स्टोअर. प्रयोगशाळा. सहवीजनिर्मितीची कंट्रोल रूम. सांडपाण्यावरचे मापक, जे ठराविक मिनिटांनी आकडे प्रदूषण मंडळाकडे पाठवते. फाटकावरचे कॅमेरे. आणि यादीत नसलेले: कुणीतरी कधीतरी बसवून गेलेला एखादा मोडेम, मशिनरी पुरवणाऱ्या कंपनीने ‘दुरून दुरुस्ती’साठी उघडून ठेवलेली वाट. यादी आधी पुरी करायची आणि मगच नेहमीची चाल मोजायची, हा क्रम मोडू नये. कारण चोर आधीच घरात बसलेला असेल आणि तेव्हाच तुम्ही शिरगणती केली, तर तो घरातलाच माणूस म्हणून वहीत चढतो. पुढे त्याच्याकडे कुणी बघत नाही.

दुसरी अडचण आपल्या धंद्याची खास आहे. बँकेची किंवा कापड दुकानाची चाल वर्षभर जवळपास सारखी. आपली कशी असेल? गळीत चालू असताना काटा चोवीस तास जागा असतो, रात्री दोन वाजताही ट्रॅक्टर येतो आणि काट्याचा संगणक केन अकाउंटशी बोलतो. तोच काटा जुलैमध्ये रात्री दोन वाजता बोलू लागला तर मात्र उठून बसावे लागेल. पंधरवड्याचे बिल निघते त्या दिवशी बँकेकडे मोठी यादी जाते. दिवाळीत सभासदांना साखर वाटप होते तेव्हा आणखी निराळीच गर्दी. म्हणून ओव्हरहॉलिंगच्या दिवसांत मोजलेली चाल नोव्हेंबरमध्ये लावली तर घंटा दिवसभर वाजत राहील, आणि दिवसभर वाजणारी घंटा चौथ्या दिवशी कुणीतरी काढून ठेवते. आमच्या मते निदान दोन वह्या लागतील, एक हंगामाची आणि एक बिगरहंगामाची; शिवाय बिलाच्या दिवसाची खूण वेगळी. सुरुवातीचा महिनाभर घंटा वाजवायचीच नाही, नुसते लिहायचे.

मग शोधायचे काय? मोठमोठी यंत्रे विकणारे याची लांबलचक यादी देतात. आम्हाला थोडक्याच गोष्टी मोलाच्या वाटतात. काट्याच्या संगणकाचा सोबती एकच, केन अकाउंट. त्याने एके दिवशी स्टोअर, प्रयोगशाळा, टर्बाइन अशा सगळ्यांची दारे वाजवायला सुरुवात केली, तर तो कुणीतरी ताब्यात घेतला आहे असे समजावे. घड्याळ लावल्यासारखा ठरलेल्या अंतराने बाहेरच्या एकाच पत्त्यावर जाणारा बारीकसा निरोप, दिवसा, रात्री, एकादशीला, अमावास्येला, कधी न चुकता; माणूस असा वागत नाही, आत लपलेला प्रोग्राम धन्याला ‘मी आहे’ म्हणून कळवत असतो तो असा वागतो. (प्रदूषण मंडळाचे मापकही असेच वागते, म्हणून तर यादी आधी.) येणाऱ्या माहितीपेक्षा जाणारी माहिती रातोरात वाढणे. आणि यादीत नसलेला नवा संगणक.

या गोष्टी न पाहिल्याने काय होते, याचे सहकारातलेच मोठे उदाहरण पुण्याचे आहे. कॉसमॉस बँक १९०६ साली स्थापन झालेली, आपल्यासारखीच सभासदांची. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी दोन-सव्वादोन तासांत २८ देशांतल्या आणि आपल्या देशातल्याही एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ८० कोटी ५० लाख रुपये काढले गेले. कोल्हापुरातल्या एटीएममधूनसुद्धा. सोमवारी, १३ तारखेला आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. मिळून ९४ कोटी ४२ लाख. रीत अशी होती: एटीएममधून विचारणा आली की ती बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते, खात्यात पैसे आहेत का ते तपासले जाते आणि होकार येतो. चोरांनी मध्येच आपला एक खोटा स्विच उभा केला. विचारणा त्याच्याकडे जाई आणि तोच परस्पर ‘द्या पैसे’ म्हणे. मुख्य संगणकाला पत्ताच नाही. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा दिली; पण ते एटीएमसमोर उभे राहून पैसे काढणारे आणि त्यांचे साथीदार. तार ज्यांनी हातात घेतली होती ते दूर राहिले.

बँकेला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. असे हल्ले मोठमोठ्या देशांच्या बँकांवर झाले आहेत. पण ताळेबंदाच्या भाषेत बघा. बाहेर होकार गेले हजारो, आणि आत त्यासाठी विचारणा आलेली नाही. दोन नोंदी शेजारी ठेवल्या असत्या तर तफावत नजरेत भरणारी होती. आपल्या काट्यावरच्या पावत्या आणि गव्हाणीत पडलेला ऊस यांचा मेळ आपण रोज घालतो, तसाच हा मेळ.

आपल्याकडे ९४ कोटी कुणी नेणार नाही, म्हणून निर्धास्त राहावे का? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दर चुकता करावा लागतो. ही रक्कम आता थेट सभासदांच्या बँक खात्यात जमा होते. हजारो सभासदांच्या खाते क्रमांकांची एक यादी केन अकाउंटमध्ये असते. कुणी तिच्यातले पन्नास क्रमांक बिलाच्या आदल्या रात्री बदलले, तर बँक बिनबोभाट त्या क्रमांकांवर पैसे जमा करील. ज्या बाईच्या तीन एकरांच्या उसावर मुलीचे लग्न ठरले आहे, तिला ते कळेल आठवड्याने. तिला कुठल्या तोंडाने सांगणार, की संगणकात काहीतरी झाले? चोराने रात्री तारेवरून येऊन यादी उघडली ही खूण मुक्या पहाऱ्याच्या वहीत राहते, आणि सकाळी कुणी ती वही वाचली तर बिल थांबवता येते. वाचली तर, बरे का. हा पहारेकरी मुका आहे, हातही नाहीत त्याला. तो चोर पकडत नाही.

राहिला तिसरा प्रश्न, कामगारांचा. युनियनची शंका आम्ही हलकी मानत नाही. तारेवर ऐकायचे म्हणजे कारकुनाने घरी काय लिहिले तेही ऐकणार का? याचे उत्तर पोस्टमनचे आहे. तो पाकिटावरचे नाव-पत्ता वाचतो, वजन बघतो, शिक्का बघतो. पत्र फोडत नाही. या पहाऱ्यालाही कोण कोणाशी, केव्हा आणि किती बोलले एवढेच पुरते. आजकालची बहुतेक पत्रे कुलूपबंदच जातात, फोडू म्हटले तरी फुटत नाहीत. तरीही पाकिटे बघूनच माणसाविषयी पुष्कळ कळते, हे खरे आहे. कोण दुपारी क्रिकेट बघतो तेही कळते. म्हणून आमचे म्हणणे असे: वही कुणी वाचायची, किती दिवस ठेवायची आणि तिच्यावरून कुणाची वेतनवाढ रोखायची नाही, हे लेखी ठरवावे आणि ते कामगारांच्या फलकावर लावावे. यंत्र बसवण्याआधी.

किती दिवस ठेवायची याला सरकारी उत्तरही आहे. देशाच्या संगणक-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशाप्रमाणे अशा नोंदी १८० दिवस जपायच्या, घातपात लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे आणि सगळ्या संगणकांची घड्याळे सरकारी प्रमाणवेळेशी जुळवायची. घड्याळांची बाब वाचताना क्षुल्लक वाटते. पण काट्याचे घड्याळ सात मिनिटे पुढे आणि केन अकाउंटचे चार मिनिटे मागे असेल, तर आधी काय घडले आणि मग काय, हे कुणालाच सांगता येणार नाही. हे काम पैशाचे नाही, एका दुपारचे आहे.

यंदाचे गळीत सुरू होण्याआधी निदान तीन कामे उरकता येतील: यादी, घड्याळे आणि बिगरहंगामाची वही. हंगामाची वही बॉयलर पेटल्यावरच लिहिता येईल. रात्रपाळीला घंटा वाजली तर फोन कुणी उचलायचा, हे मात्र अजून ठरायचे आहे. त्याबद्दल सभासदांच्या आणि कामगारांच्या सूचना शेतकी कार्यालयातल्या पेटीत लेखी टाकाव्यात. सर्वसाधारण सभेपुढे त्या वाचून दाखवाव्यात, अशी आमची विनंती आहे.